महावलयी धातू-संकुले

महावलयी धातू-संकुले म्हणजे ज्यांत धातूचा आयन एका मोठ्या वलयाकार सेंद्रिय रेणूच्या आतील अणूंनी धरून ठेवलेला असतो, अशी जटिल संयुगे होत. रक्तातील हीम, वनस्पतींतील हरितद्रव्य आणि ब-१२ जीवनसत्त्व ही या वर्गातील निसर्गनिर्मित संयुगे आहेत. एमआरआय तपासणीत शिरेतून दिली जाणारी गॅडोलिनियमची काही द्रव्ये आणि कर्करोगावरील काही किरणोत्सर्गी औषधे ही याच वर्गातील मानवनिर्मित संयुगे आहेत. एकदा वलयात बसलेला धातू सहसा सहजासहजी बाहेर पडत नाही, हे या संयुगांचे प्रमुख वैशिष्ट्य आहे. शरीरात गेलेले संकुल अखंड राहते की त्यातील धातू सुटा होतो, यावर ते उपकारक ठरेल की अपायकारक, हे पुष्कळदा अवलंबून असते.

व्याख्या

धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉनयुग्म देऊन त्याच्याशी बंध जोडणाऱ्या रेणूला किंवा आयनाला लिगंड म्हणतात, तर लिगंडातील ज्या अणूकडून हे युग्म येते त्याला दाता अणू म्हणतात. नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक व फॉस्फरस हे नेहमी आढळणारे दाता अणू होत. एकाच लिगंडातील दोन किंवा अधिक दाता अणूंनी धातूला धरले, तर त्या संयुगाला चिलेट म्हणतात. ज्या लिगंडाच्या वलयात किमान नऊ अणू असतात व त्यांपैकी किमान तीन दाता अणू असतात, त्याला सामान्यतः महावलयी लिगंड असे संबोधले जाते. दाता अणू तेवढेच, पण रेणूची दोन्ही टोके मोकळी असतील, तर त्या लिगंडाला रेषीय किंवा मुक्तशृंखल म्हणतात. महावलयी संकुलांचे गुणधर्म समजून घेण्यासाठी त्यांची तुलना प्रायः या मुक्तशृंखल भावंडांशी केली जाते.

रचना

वलयाच्या मध्यभागी एक पोकळी असते. धातूचा आयन या पोकळीत नेमका मावतो, की तिच्यापेक्षा मोठा किंवा लहान पडतो, यावर संकुलाचा आकार ठरतो. १८ अणूंच्या वलयात सहा ऑक्सिजन असलेल्या क्राउन ईथरची पोकळी सुमारे ०.२६ ते ०.३२ नॅनोमीटर असते. पोटॅशियम आयनाचा व्यास सुमारे ०.२७ नॅनोमीटर असल्याने तो तीत चपखल बसतो. सोडियम आयन लहान असल्याने तितका घट्ट धरला जात नाही.

चार नायट्रोजन असलेल्या वलयांत सायक्लॅम व सायक्लेन ही दोन वलये विशेष अभ्यासली गेली आहेत. सायक्लॅमचे वलय १४ अणूंचे असते. निकेल व तांबे यांचे द्विप्रभारी आयन त्याच्या प्रतलात, चारही नायट्रोजनांच्या मधोमध बसू शकतात. सायक्लेनचे वलय १२ अणूंचे, म्हणजे अधिक लहान असते. त्यामुळे बहुतेक धातू त्याच्या प्रतलात न मावता वरच्या बाजूस, खुंटीवर टेकल्यासारखे राहतात व वलय वाटीसारखे वाकते.

सायक्लेनच्या चारही नायट्रोजनांना ॲसिटिक अम्लाचा एकेक हात जोडला की डोटा हा लिगंड तयार होतो. त्यातील चार नायट्रोजन खालून व चार ऑक्सिजन वरून धातूला धरतात. गॅडोलिनियमसारखा मोठा त्रिप्रभारी आयन या दोन चौकोनांच्या दरम्यान राहतो. आठ जागा लिगंडाने व्यापल्या, तरी नववी जागा उरते आणि तेथे पाण्याचा एक रेणू बसतो. एमआरआयमधील डोटा-संकुलाचे कार्य बऱ्याच अंशी या नवव्या जागेवर चालते.

महावलयी परिणाम

तेवढेच व त्याच प्रकारचे दाता अणू असलेल्या मुक्तशृंखल लिगंडापेक्षा महावलयी लिगंड धातूला अधिक घट्ट धरतो. या निरीक्षणाला महावलयी परिणाम म्हणतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅबिनेस व मार्जरम यांनी १९६९ मध्ये तांब्याच्या संकुलांवरून तो दाखवून दिला. चार नायट्रोजनांच्या वलयी लिगंडाचे तांब्याबरोबरचे संकुल तशाच मुक्तशृंखल लिगंडाच्या संकुलापेक्षा सुमारे दहा हजारपट स्थिर असल्याचे त्यांना आढळले.

याची दोन कारणे दिली जातात. मुक्तशृंखल रेणू विद्रावात नाना आकार घेत असतो. धातूभोवती गुंडाळले जाताना त्याला हे स्वातंत्र्य सोडावे लागते, म्हणजे त्याची एंट्रॉपी घटते. वलयाला असे स्वातंत्र्य आधीपासूनच कमी असते. त्याचे दाता अणू बऱ्याच अंशी योग्य जागी सिद्ध असतात. दुसरे असे की, वलयाच्या आत तोंड करून असलेल्या दाता अणूंभोवती पाण्याचे रेणू तुलनेने कमी जमतात. त्यामुळे बंध जुळण्यापूर्वी ते दूर सारण्यास कमी ऊर्जा लागते.

स्थैर्य व जडता

संकुलाचे स्थैर्य दोन निरनिराळ्या अर्थांनी सांगितले जाते आणि जैविक दृष्ट्या हा भेद महत्त्वाचा आहे. ऊष्मागतिकीय स्थैर्य म्हणजे समतोल साधल्यावर किती धातू लिगंडाशी बद्ध राहील याचे मान. गतिक जडता म्हणजे धातू सुटण्यास किती वेळ लागेल याचे मान. शरीर हे बंद परीक्षानळीसारखे नसते. तेथे सुट्या झालेल्या धातूला फॉस्फेट व प्रथिने पकडतात आणि रिकाम्या झालेल्या लिगंडाला जस्त, तांबे किंवा कॅल्शियम व्यापतात. म्हणून शरीरात समतोलापेक्षा वेळेचे गणित अधिक निर्णायक ठरते.

मुक्तशृंखल लिगंड एका टोकापासून क्रमाने उसवत जाऊ शकतो: पहिला दाता अणू सुटला की दुसरा, मग तिसरा. वलयाला टोकच नसते. एक बंध सुटला, तरी शेजारचे बंध तो अणू धातूच्या जवळच ठेवतात आणि तो पुन्हा जुळतो. याचीच दुसरी बाजू अशी की, धातू वलयात शिरण्यासही वेळ लागतो. डोटामध्ये धातू बसविण्यासाठी बहुधा मिश्रण तापवावे लागते.

ही जडता सर्व महावलयी संकुलांत सारखी नसते. हरितद्रव्यातील मॅग्नेशियम सौम्य अम्लातही वलयातून निघून जाते. चिंच किंवा आमसूल घालून शिजवलेल्या पालेभाजीचा हिरवा रंग मळकट होतो, त्यामागे हीच विक्रिया असते.

संशोधनाचा इतिहास

महावलयी संकुलांचा अभ्यास निसर्गातील रंगद्रव्यांपासून सुरू झाला. रिखार्ड व्हिलश्टेटर यांना हरितद्रव्यावरील कार्याबद्दल १९१५ चे, तर हीम व हरितद्रव्य यांची रचना आणि हीमिनचे संश्लेषण याबद्दल हान्स फिशर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ब-१२ जीवनसत्त्वाची रचना १९५० च्या दशकात उलगडली. क्ष-किरण तंत्राने महत्त्वाच्या जैव रेणूंच्या संरचना निश्चित केल्याबद्दल त्यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ येथील रंगकारखान्यात १९२८ मध्ये एका पांढऱ्या पदार्थाच्या उत्पादनात निळसर अशुद्धी आढळली. ती लोहाचे थॅलोसायनीन असल्याचे पुढे निष्पन्न झाले. तांब्याचे थॅलोसायनीन आज शाई व रंगलेपांतील एक प्रमुख निळे रंगद्रव्य आहे.

न्यूझीलंडमधील नील कर्टिस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी निकेलचे एक ॲमाइन-संकुल आणि ॲसिटोन यांच्या विक्रियेतून महावलय मिळविले. यात धातूचा आयन साच्याचे काम करतो: लहान तुकडे त्याच्याभोवती योग्य दिशांना धरले जातात आणि मग त्यांची टोके जुळतात. या पद्धतीला साचा-संश्लेषण म्हणतात. डाय-ॲमाइन व डाय-कार्बोनिल संयुगांपासून शिफ क्षारक वर्गातील महावलये बहुधा याच पद्धतीने बनवितात.

चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये क्राउन ईथरांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुसरेच संयुग बनवीत असताना अत्यल्प प्रमाणात मिळालेल्या उपपदार्थाकडे दुर्लक्ष न केल्यामुळे हा शोध लागला. झाँ-मारी लेन यांनी त्रिमितीय पिंजऱ्यासारखे क्रिप्टँड तयार केले, तर डोनाल्ड क्रॅम यांनी आधीच ताठ आकार दिलेले लिगंड तयार केले. या तिघांना १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सजीवांतील महावलयी संकुले

हीममध्ये पॉर्फिरिनचे वलय असते. चार पायरोल वलये चार कार्बन-पुलांनी जोडली जाऊन ते बनते आणि त्यातील चार नायट्रोजन लोहाला धरतात. हीमोग्लोबिनमध्ये पाचवी जागा प्रथिनातील हिस्टिडीन या ॲमिनो अम्लाने घेतलेली असते. सहाव्या जागी ऑक्सिजन येतो. ऑक्सिजन नसताना लोह वलयाच्या प्रतलापासून सुमारे ०.०४ नॅनोमीटर बाहेर असते. ऑक्सिजन जुळताच ते प्रतलात सरकते व आपल्याबरोबर हिस्टिडीनला ओढते. या अल्पशा हालचालीने प्रथिनाचा आकार बदलतो आणि उरलेल्या हीमांना ऑक्सिजन घेणे सुलभ होते. हीमोग्लोबिनची त्रिमितीय रचना मॅक्स पेरुट्झ यांनी उलगडली. त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासमवेत १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ब-१२ जीवनसत्त्वात कोबाल्टभोवती कॉरिन वलय असते. पॉर्फिरिनच्या चारपैकी एक पूल त्यात नसल्याने ते थोडे लहान व अधिक लवचीक असते. या जीवनसत्त्वाच्या सहएंझाइम रूपांत कोबाल्ट व कार्बन यांच्यात थेट बंध असतो, जी निसर्गात दुर्मिळ गोष्ट आहे. व्हॅलिनोमायसिन हे सूक्ष्मजीवांपासून मिळणारे प्रतिजैविक महावलय आहे. ते पोटॅशियमला सोडियमपेक्षा कित्येक हजारपट अधिक पसंती देते. बाहेरून मेदस्नेही असल्याने ते पोटॅशियमला पेशीपटलापार वाहून नेते व पेशीतील आयनांचा समतोल बिघडवते.

वलयात धातू बसविणे किती अवघड असते, हे हीमच्या जैवनिर्मितीत दिसते. फेरोकेलाटेज हे एंझाइम वलयाला किंचित वाकवून लोहास आत शिरण्याची वाट करून देते. शिशाच्या विषबाधेत या एंझाइमाचे कार्य बिघडते, वलयात लोहाऐवजी जस्त जाते आणि रक्तातील जस्त-प्रोटोपॉर्फिरिन वाढते. धातू बाहेर काढणेही तितकेच अवघड असते. जीर्ण तांबड्या पेशींतील लोह पुन्हा वापरण्यासाठी शरीर ते वलयातून नुसते उपसत नाही. हीम ऑक्सिजनेज हे एंझाइम वलयच तोडते. तुटलेल्या वलयापासून प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन व नंतर पिवळे बिलिरुबिन बनते. मुका मार लागल्यावर त्वचेवरील डागाचा रंग निळसर, हिरवा व मग पिवळा होत जातो, तो याच क्रमामुळे.

गॅडोलिनियम व एमआरआय

गॅडोलिनियमच्या त्रिप्रभारी आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे त्याच्या सान्निध्यात येणाऱ्या पाण्यातील हायड्रोजन अणुकेंद्रांचे शिथिलन जलद होते व त्या भागाची प्रतिमा उजळते. डोटा-संकुलातील नवव्या जागेवरचा पाण्याचा रेणू सेकंदाला लाखो वेळा बदलत असल्याने एकच आयन सभोवतालच्या पुष्कळ पाण्यावर परिणाम करतो. सुटा गॅडोलिनियम मात्र विषारी असतो. त्याचा आकार कॅल्शियम आयनाच्या जवळपास असल्याने तो कॅल्शियमच्या वाहिन्यांत अडथळा आणतो. म्हणून तो लिगंडात बांधूनच द्यावा लागतो. नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ०.१ मिलिमोल असते.

यासाठी वापरलेल्या द्रव्यांचे रेषीय व महावलयी असे दोन वर्ग पडतात. गॅडोपेंटेटेट हे पहिले द्रव्य १९८८ मध्ये वापरात आले. ते रेषीय होते. डोटावर आधारित गॅडोटेरेट हे महावलयी द्रव्य फ्रान्समध्ये १९८९ पासून उपलब्ध झाले. निरोगी मूत्रपिंडे ही द्रव्ये लवकर बाहेर टाकतात. रक्तातील त्यांचे अर्धायुष्य सुमारे दीड तास असते. त्यामुळे दोन्ही वर्ग दीर्घकाळ सारखेच निर्धोक मानले गेले. मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी झालेल्या रुग्णांत मात्र हा काळ ३० तासांहून अधिक होऊ शकतो, आणि तेवढा अवधी दुर्बल संकुलाला विघटित होण्यास पुरेसा ठरतो.

१९९७ पासून मूत्रपिंडविकाराच्या काही रुग्णांत त्वचा जाड व कडक होणे, सांधे आखडणे आणि काहींत अंतर्गत अवयवांतही तंतुमय ऊतक वाढणे अशी लक्षणे दिसू लागली. या विकाराचे वर्णन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. तो पुढे नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस या नावाने ओळखला जाऊ लागला. काही रुग्णांना त्यामुळे चालणेही अशक्य झाले व काहींचा मृत्यू झाला. २००६ मध्ये ऑस्ट्रिया व डेन्मार्कमधील वैद्यांनी या विकाराचा संबंध आधी दिलेल्या गॅडोलिनियम द्रव्याशी असल्याचे दाखविले. बहुसंख्य रुग्णांना रेषीय द्रव्ये दिलेली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये या द्रव्यांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

प्रयोगशाळेतील आकडे या भेदाशी जुळतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या तीव्र अम्लात, म्हणजे पीएच १ असताना, गॅडोटेरेटचे विघटनाचे अर्धायुष्य ३३८ तास, म्हणजे सुमारे १४ दिवस असते. त्याच परिस्थितीत गॅडोडायामाइड या रेषीय द्रव्याचे अर्धायुष्य पाच सेकंदांहून कमी भरते. रक्त इतके अम्लधर्मी नसते. पण धातू सोडण्याची प्रवृत्ती कोणात किती आहे, याची तुलना या चाचणीतून करता येते.

जपानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले की, वारंवार रेषीय द्रव्ये दिलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत द्रव्य न देता घेतलेल्या प्रतिमेतही उजळपणा दिसतो. पुढे मेंदूच्या ऊतकातही गॅडोलिनियम आढळला. महावलयी द्रव्यांनंतर असा साठा बराच कमी आढळतो, तरी तो शून्य नसतो. या साठ्यामुळे मेंदूला अपाय झाल्याचा पुरावा युरोपीय औषध संस्थेला मिळाला नाही. तरीही खबरदारी म्हणून संस्थेने २०१७ मध्ये शिरेतून देण्याची बहुतेक रेषीय द्रव्ये निलंबित केली आणि यकृताच्या तपासणीसाठी दोन द्रव्ये मर्यादित स्वरूपात चालू ठेवली.

किरणोत्सर्गी औषधे

किरणोत्सर्गी धातू अर्बुदापर्यंत नेण्यासाठी एका टोकाला महावलय व दुसऱ्या टोकाला अर्बुद ओळखणारा पेप्टाइड अशी जोडणी केली जाते. वाटेत धातू सुटला, तर तो हाडांत, यकृतात किंवा अन्यत्र साठून निरोगी ऊतकावर प्रारणाचा मारा करतो. म्हणून येथेही गतिक जडता निर्णायक असते. चेता-अंतःस्रावी अर्बुदांवर वापरले जाणारे ल्युटेशियम-१७७ डोटाटेट हे या प्रकारचे औषध आहे. युरोपात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य सुमारे ६.६५ दिवस आहे. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत या समस्थानिकाचे उत्पादन होते.

प्रत्येक धातूला डोटा मानवतोच असे नाही. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटे असल्याने नऊ अणूंच्या वलयाचा नोटा हा लिगंड पुष्कळदा सोयीचा पडतो, कारण त्यात गॅलियम खोलीच्या तापमानालाही झटपट बसतो. तांबे-६४ डोटामधून शरीरात काही प्रमाणात निसटून यकृतातील प्रथिनांकडे जाते. ते टाळण्यासाठी सायक्लॅमच्या दोन नायट्रोजनांमध्ये आडवा पूल टाकून अधिक ताठ केलेले लिगंड वापरून पाहिले जातात. प्रतिपिंडांसारखी प्रथिने उष्णतेने बिघडतात, तेव्हा जडता आणि धातू बसण्याचा वेग यांत तडजोड करावी लागते.

अन्य औषधे

प्लेरिक्झाफॉर या औषधात दोन सायक्लॅम वलये एका बेंझीन वलयाच्या दुव्याने जोडलेली असतात. एचआयव्हीविरोधी संशोधनातून ते पुढे आले. ते पेशीपृष्ठावरील सीएक्ससीआर-४ या ग्राहीला अडवते व मूलपेशींना अस्थिमज्जेतून रक्तात आणते. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला याच उपयोगासाठी मान्यता मिळाली. औषध धातूविरहित रूपात दिले जाते. मात्र वलयात जस्त बसल्यास ग्राहीशी त्याची जुळणी अधिक घट्ट होते.

मँगॅनीजची पाच नायट्रोजनी महावलयी संकुले सुपरऑक्साइड या हानिकारक आयनाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाची नक्कल करतात. त्यांपैकी ॲव्हासोपासेम हे द्रव्य प्रारण-उपचारांमुळे तोंडात होणाऱ्या व्रणांसाठी रुग्णांवर तपासले गेले. परंतु २०२३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने त्यास मान्यता दिली नाही.

नवीन संकुलांची तपासणी

नव्या संकुलाची रचना अनेक पद्धती एकत्र वापरून ठरवितात. शिफ क्षारक वर्गात कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा अवरक्त पट्टा दर सेंटिमीटरला १,६०० ते १,६५० तरंगांच्या आसपास असतो. धातू जुळल्यावर तो सरकतो. विद्युत्‌ संवाहकतेवरून संकुल आयनी आहे की नाही ते कळते. चुंबकीय मापनांवरून आकाराचा अंदाज येतो: चौरस प्रतलीय निकेल(२) संकुले प्रतिचुंबकीय, तर अष्टफलकीय संकुले समचुंबकीय असतात. निर्णायक पुरावा मात्र स्फटिकाच्या क्ष-किरण विश्लेषणातूनच मिळतो.

अशा संकुलांची जंतुनाशक क्षमता पुष्कळदा जंतूंच्या थरावर चकती ठेवून व तिच्याभोवतीचे वाढरहित क्षेत्र मोजून तपासतात. मुक्त लिगंडापेक्षा संकुल अनेकदा अधिक परिणामकारक दिसते. लिगंडाशी जुळल्याने धातूची ध्रुवीयता घटते आणि संकुल पेशीपटलाच्या मेदमय थरातून सहज जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु या निष्कर्षाला मर्यादा आहेत. तांबे व चांदी यांचे साधे लवणही जंतू मारते. म्हणून लिगंड, धातूचे लवण व विद्रावक या तिन्हींची स्वतंत्र तुलना केल्याशिवाय श्रेय संकुलाला देता येत नाही. वाढरहित क्षेत्राचा व्यास द्रव्याच्या प्रसरणावरही अवलंबून असल्याने किमान प्रतिबंधक संहती मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. जंतूंना मारणारे द्रव्य मानवी पेशींनाही मारत असेल, तर ते औषध म्हणून निरुपयोगी होय.

या सर्व चाचण्यांच्या मुळाशी एक प्रश्न असतो: स्फटिकात जी रचना दिसली, तीच रक्तद्रवात काही तासांनी टिकून आहे काय? गॅडोलिनियम द्रव्यांच्या अनुभवानंतर संकुल रक्तद्रवात, जस्त व फॉस्फेट यांच्या सान्निध्यात ठेवून त्यातील धातू किती वेगाने सुटतो हे मोजणे, हा अशा द्रव्यांच्या मूल्यमापनाचा महत्त्वाचा भाग झाला आहे.